मारुतीच्या खाटेभोवतीची माणसं

माझा धाकटा भाऊ मारुती गेल्याचं कळलं तेव्हा मी चिटगुप्प्याला दारात बसून तूर पाखडत होते. वीज खात्याची जीप गल्लीत वळली आणि आमच्याच दारापुढं थांबली. आतून दोन लाइनमन उतरले, दोघंही मारुतीच्या हाताखाली काम शिकलेले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी नको म्हणाले, तेव्हाच मला समजलं. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही, हृदय बंद पडलं, असं त्यातल्या एकानं मान खाली घालून सांगितलं. मी सूप खाली ठेवलं, तूर डब्यात भरली, दाराला कुलूप घातलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. रडले नाही. मला चारचौघांत रडू येत नाही, त्यावरून लोक काय म्हणायचं ते म्हणतात. बिदरला, मैलूरमधल्या त्याच्या घरी पोचले तर त्याची बायको कमल उशाशी बसली होती, लेक सुजाता पायांशी. मारुतीचं तोंड नेहमीसारखंच होतं, कुणाशी तरी वाद घालता घालता झोप लागल्यासारखं.

याला आता सव्वा महिना झाला. वारलेल्या माणसांवर पेपरच्या पुरवणीत लिहून येतं ते मी वाचते. त्यातली सगळी माणसं हसतमुख आणि प्रेमळ असतात. माझा भाऊ तसा नव्हता. तापट होता, हेकट होता, भाकरी जरा करपली तरी ताट सरकवायचा. तरी त्याच्यावर लिहावं असं मला वाटलं, कारण त्याच्या अंगावर जे गुदरलं ते आमच्याकडच्या पुष्कळ पुरुषांवर गुदरत असेल आणि ते तोंड दाबून बसत असतील. मी आधी कमलला विचारलं. ती म्हणाली, "लिहा अक्का. लपवण्यापायीच त्यांचा जीव चालला व्हता." मी चौथीपर्यंत शिकलेली. सुजातानं वेलांट्या सुधारल्या. मजकूर मी तिला सुधारू दिला नाही.

आमची आई गेली तेव्हा मारुती रांगत होता आणि माझं लग्न झालेलं होतं. बापानं त्याला उचलून माझ्या घरी आणून ठेवलं. आमचा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो, तो बापाबरोबर संतपूरला राहिला. त्यामुळं मारुतीची मी बहीण कमी आणि आई जास्त. शाळेत त्याला आधी उर्दू शिकवली, मग निजाम गेला, पुढं आमचा भाग म्हैसूरकडं गेला आणि कन्नड आलं. मारुतीला यातलं एकही धड आलं नाही. त्याला चढायला मात्र यायचं. वीज खात्यात तो खांब वाहणारा खलाशी म्हणून लागला आणि लाइनमन झाला. संतपूरला वीज आली तेव्हा तारा त्यानंच ओढल्या. ज्या घरात आमच्या बापाला पायरीखाली उभं करायचे, त्या घरात मारुती शिडी घेऊन सरळ माजघरात गेला. त्या घरची म्हातारी मागं मागं फिरत होती. मारुतीनं तिला विचारलं, "आजी, चुलीवर दिवा लावू का नको? उगं बाटायची." म्हातारी म्हणाली, लाव बाबा, धुरात काही दिसत नाही. धम्म घेऊन आम्हाला पुष्कळ वर्षं झाली होती, पण त्या दिवशी आमचा बाप जितका हसला तितका तो कधी हसलेला मला आठवत नाही.

कमल उदगीरची. बोलायला कमी, कामाला वाघ. सुजाता झाली, ती चालायला लागली, आणि एका पावसाळ्यात मारुती खांबावरून पडला. कमरेचा पट्टा तुटला एवढंच कारण. खाली दगड होते. ओटीपोटाचं हाड मोडलं, लघवीची वाट फाटली. हैदराबादेत कितीतरी महिने काढले. हाड जुळलं, वाट जोडली, माणूस चालायला लागला. खात्यानं त्याला खांबावर न चढवता खाली बसायचं काम दिलं. आम्हाला वाटलं सुटलो. पण त्या मारानं त्याच्या लिंगातला जोर गेला होता आणि तो परत आला नाही. हे मी असं सरळ लिहिते, कारण दुसऱ्या शब्दांत लिहिलं की कुणाला कळतच नाही.

तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला दिसायचं ते एवढंच, की तो घरात उगीच भांडतो. कमलनं वाढलेलं खायचा नाही. एकदा माझ्यादेखत तिला म्हणाला, "पोरगी घे अन् उदगीरला जा. दुसरा कर कुनी. माझ्यापाशी काय ठेवलंय?" मी त्याला झापलं, खांबावरून डोक्यावर पडलास का म्हणून विचारलं. कमल खरंच गेली. तिच्या माहेरचे तिला पाठवायला तयार नव्हते. चार-पाच महिन्यांनी ती आपली आपण पेटी घेऊन एसटीनं परत आली, कुणी आणायला गेलेलं नसताना. आली, पदर खोचला आणि भांडी घासायला बसली. मारुती दारात उभा राहून बघत राहिला, असं शेजारणीनं मला सांगितलं.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं मारुती कमलला घेऊन पुन्हा हैदराबादला गेला. आम्हाला सांगितलं की कमरेचा उपचार राहिलाय. खरं असं होतं, की तिथल्या डॉक्टरनं त्याला एक नवा इलाज सांगितला होता. रबरासारख्या मऊ दोन कांड्या, आत तार, मुंबईहून मागवायच्या आणि लिंगाच्या आत दोन बाजूंना कायमच्या बसवायच्या. त्या कांड्यांमुळं ते कायम ताठ राहतं, हातानं वर किंवा खाली वाकवून ठेवायचं. डॉक्टरनं दोघांना पुढ्यात बसवून सगळं समजावलं होतं. थंडी वाजून ताप आला, तिथं दुखलं, लाल झालं, तर लगेच यायचं. आणि आम्हाला विचारल्याशिवाय लघवीची नळी कुणालाही घालू द्यायची नाही. कमलनं ते नीट ऐकून ठेवलं. मारुतीनं किती ऐकलं कोण जाणे.

परत आला तो माणूसच बदललेला. भांडण गेलं. कमलला घेऊन हुमनाबादच्या जत्रेला गेला, सुजाताला बांगड्या भरल्या. फक्त एक फरक मला कळेना. धोतर सोडून तो जाड पाटलून घालायला लागला, घरात, उन्हाळ्यात, झोपतानासुद्धा. मी चेष्टा करायची, "साहेब झालास व्हय रे? पाटलून घालून झोपायलास?" तो म्हणायचा, अक्का, जग कुठं गेलं अन् तू कुठं बसलीस. कमल चुलीकडं तोंड करून हसायची. पुढं तिनंच सांगितलं की धोतरात ते लपत नव्हतं.

तीन-चार वर्षं बरी गेली. मग एका हिवाळ्यात त्याला ताप यायला लागला. थंडी वाजायची, अंग फणफणायचं, दुकानातून गोळ्या आणून खायचा, दोन दिवस बरा, पुन्हा तेच. तिथं दुखत होतं, लघवीला आग होत होती, कपड्याला पूही लागत होता. कमल म्हणत होती हैदराबादला चला. तो जात नव्हता. त्याची भीती मरणाची नव्हती. त्याला भीती होती, की तिथं गेलो तर डॉक्टर कांड्या काढतील, आणि मग आपण पुन्हा पूर्वीसारखे होऊ आणि कमल जाईल.

शेवटी तो कामावरच चक्कर येऊन पडला आणि त्याला बिदरच्या एका दवाखान्यात ठेवलं. आता आमच्याकडं माणूस दवाखान्यात पडला की काय होतं ते इकडच्या वाचकांना सांगायला नको. सगळी भावकी येते. कुणी खाटेवर, कुणी खाटेखाली, कुणी खिडकीत. डॉक्टर विचारतो रोग्याला आणि उत्तर देतात भोवतीचे. रोग्यानं तोंड उघडायचं नसतं, त्याला त्रास होतो ना. अण्णा तहसीलात शिपाई होता, कन्नड पाण्यासारखं बोलायचा. डॉक्टर खालच्या म्हैसूरकडचा तरुण मुलगा, नुकताच बदलून आलेला, मराठी एक शब्द कळायचा नाही आणि हिंदीही दोन-चार शब्दांपुरतंच. तेव्हा अण्णा उशाशी बसला आणि डॉक्टर जे जे विचारी त्याचं उत्तर देत गेला. ताप कधीपासून? अण्णा सांगी. जेवतो का? अण्णा सांगी. आधी काही ऑपरेशन? झालंय की, खांबावरून पडला तेव्हा कमरेचं. यात खोटं काही नव्हतं. अण्णाला जेवढं माहीत तेवढं तो सांगत होता. मारुती डोळे मिटून पडून होता. चारदोन ऑफिसची माणसं, गावची आठ-दहा, आम्ही बायका दाराशी... एवढ्या लोकांत तो काय बोलणार? पांघरूण कमरेच्या वर घेऊन त्यानं ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. डॉक्टरनं पोट चाचपलं, जीभ बघितली, मुदतीचा ताप म्हणून औषध दिलं. ताप उतरला. घरी आणलं. आठवड्यानं पुन्हा चढला, आणि या वेळेला लघवी बंद झाली.

पुन्हा तोच वॉर्ड, तीच माणसं. कमल व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी. आत थोरला दीर बसलेला, आणि आमच्यात धाकट्याच्या बायकोनं थोरल्या दिरापुढं तोंड उघडायचं नाही, समोर उभंसुद्धा राहायचं नाही. लग्न झाल्यापासून कमल अण्णाशी एक शब्द बोललेली नव्हती. मारुतीचं पोट फुगलेलं, तो ग्लानीत बरळत होता. डॉक्टरनं काहीतरी सांगितलं आणि एक कंपाउंडर ताटलीत लांब रबरी नळी घेऊन आमच्या समोरून आत निघाला. कमलनं ती बघितली आणि माझा दंड धरला. तिची बोटं माझ्या मांसात रुतली.

"अक्का, नळी घालू देऊ नका," ती म्हणाली. मी विचारलं, कामून? तेव्हा तिथं उभ्या उभ्या तिनं मला सगळं सांगितलं. कांड्या, पू, हैदराबाद, सगळं. मी ऐकलं आणि आत गेले. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. मी डॉक्टरचा हात धरून "बेडा, बेडा" म्हणाले, नको नको, एवढंच. आणि बाकीच्यांना म्हणाले, उठा, सगळे बाहेर व्हा, कमलला बोलायचंय. माणसं बघत राहिली. मी एका-दोघांना दंडाला धरून उठवलं तेव्हा बाकीचे निघाले. अण्णा हलला नाही.

"मी भाऊ हाय त्याचा," तो म्हणाला. "मी भाईर गेलो तर डॉक्टरला सांगणार कोण? तू?"

बोलणं खरं होतं. कमल तोवर आत आली होती. डोक्यावर पदर, नजर जमिनीकडं. डॉक्टर तिच्याकडं बघत होता, तिचं काही त्याला कळणार नव्हतं, कंपाउंडरही त्याच्याच मुलखातला. खोलीत तिचं बोलणं कळणारी दोनच माणसं होती, मी आणि अण्णा, आणि त्याचं कन्नड करू शकणारा एकच.

तिनं पदर मागं सारला आणि अण्णाच्या तोंडाकडं बघून बोलली. "भावजी, तुमच्या भावाच्या लिंगात दोन कांड्या बसवल्यात. पडल्यापासून त्यांना नवराबायकोचं जमत नव्हतं म्हणून हैदराबादला बसवल्या. आता तिथं पू झालाय. तापबी तिथलाच हाय. नळी घातली तर आतनं फाटंल. हे डॉक्टरला सांगा."

अण्णाचं तोंड काळंठिक्कर पडलं. एवढ्या वर्षांत त्यानं तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला आणि ऐकला तो हा. तो खाटेवरच्या मारुतीकडं बघत राहिला. मला वाटलं हा आता उठून जाणार. मी म्हणाले, अण्णा, मरतोय तो. अण्णानं घसा खाकरला. मग तो कन्नडात बोलायला लागला, हळूहळू, एक एक शब्द शोधत, तहसीलात साहेबापुढं बोलतो तसा उभा राहून. मध्येच अडला तेव्हा कमलकडं वळून विचारलं, "कांड्या कशाच्या?" तिनं सांगितलं, रबराच्या, आत तार. त्यानं तेही सांगितलं. एक शब्द खाल्ला नाही.

तो तरुण डॉक्टर हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं कंपाउंडरला ताटली ठेवायला सांगितलं, पडदा ओढला आणि पांघरूण काढून बघितलं. मग त्यानं बेंबीच्या खाली पोटातून सुई घालून लघवी काढली, मारुतीला जरा आराम पडला, आणि स्वतः फोन करून आम्हाला त्याच दुपारी हैदराबादला पाठवलं. अण्णा गाडीत पुढं बसला. वाटेत एका ठिकाणी गाडी थांबली तेव्हा तो मागं आला आणि कमलला म्हणाला, "पोरी, काही खाल्लंस का सकाळपासून?"

हैदराबादच्या डॉक्टरनं तपासलं. एक कांडी पुढच्या टोकाला आतली कातडी झिजवून लघवीच्या वाटेत आली होती. रक्तात साखर खूप निघाली. साखरेनं त्या जागेची जाणीव बोथट होते, म्हणून झिजताना त्याला म्हणावं तसं कळलं नाही; आणि साखरेनंच पू आवरत नव्हता. डॉक्टर उर्दूत सांगत होते, ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. दोन्ही कांड्या काढायच्या, जागा आतून धुवायची, आणि फाटलेली वाट भरेपर्यंत लघवी पोटातल्या नळीनं काढायची. मारुती शुद्धीवर होता. तो म्हणाला, चांगली आहे तेवढी एक राहू द्या, इंजेक्शनं लागतील तेवढी द्या. डॉक्टर म्हणाले, औषध रक्तातून जातं. तुझ्या मांसात रक्त आहे, कांडीत नाही. रोगाचे जंतू कांडीला चिकटून बसलेत, तिथं औषध पोचत नाही. म्हणून तुझा ताप जातो आणि परत येतो. आणि एका कांडीचा पू दुसरीकडं जातोच.

तरी मारुती हो म्हणेना. तोंड भिंतीकडं करून पडला. जीव जायची वेळ आलेली आणि हा कांडीला धरून बसला होता. मला इतका राग आला होता की मी बोलले असते तर वाकडंच बोलले असते, म्हणून गप्प बसले. अण्णा उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मीही निघाले, पण दार ओढायच्या आत कमलचं बोलणं कानावर पडलंच.

"मी उदगीरहून परत आले," ती म्हणाली, "तवा कांडी व्हती का?"

मारुती म्हणाला, "न्हाई."

"मग?"

त्यानं डॉक्टरला बोलवा म्हणून सांगितलं.

कांड्या काढल्या. रोज जखम धुवायचे, तो ओरडायचा, नर्सांना शिव्या द्यायचा, त्यावरून आम्हाला कळायचं की तो सुधारतोय. पोटातली नळी काही आठवड्यांनी निघाली. इन्शुलिनचं इंजेक्शन कमल द्यायला शिकली. डॉक्टर म्हणाले, जखम पूर्ण भरून पाच-सहा महिने गेले की पुन्हा बारीक कांडी घालून बघता येईल, पण आतलं मांस आवळून आलेलं असतं, काम अवघड होतं, आणि साखर असलेल्याला पुन्हा पू व्हायचा धोका जास्त. लोकांच्या मनात येईल म्हणून सांगते, पुन्हा घातली नाही. दोघांनी मिळून ठरवलं. ज्याला घालायची त्यानं जरूर घालावी, तो इलाज वाईट नाही, पुष्कळांना लाभतो असं डॉक्टरच म्हणाले. पण ताप आला तर लपवू नये. मारुती पुन्हा धोतर नेसायला लागला आणि पुन्हा भांडायला लागला, पण पूर्वीसारखं नाही. कमल उलट उत्तर द्यायला लागली होती, अण्णासमोरसुद्धा.

त्यानंतर मारुतीला एक खोड लागली. ओळखीतलं कुणी दवाखान्यात पडलं की तो जायचा, आणि डॉक्टर आला की सगळ्यांना बाहेर काढायचा. पाहुणा असो, सरपंच असो. "खोकला त्याला झालाय का तुला? मग तू कामून सांगायलास?" असं तोंडावर विचारायचा. लोकांना बाहेर घालवून दार ओढून घ्यायचा आणि दाराला पाठ लावून उभा राहायचा. काहींनी बोलणं सोडलं त्याच्याशी. एका म्हातारीनं तर भरल्या वॉर्डात त्याला शिव्या घातल्या, तो हात जोडून म्हणाला, घाला, पण भाईर येऊन घाला. कधी कधी रोगी नंतर त्याला काहीतरी सांगू बघायचा, तर तो म्हणायचा मला सांगू नको, डॉक्टरला सांगितलंस ना, बस्स.

मारुतीची माती झाल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या भावकीतली एक सून बिदरला दवाखान्यात होती. काय झालंय ते तिच्या घरच्यांनाही नीट ठाऊक नव्हतं, नुसती अशक्त होत चालली होती. मी आणि अण्णा बघायला गेलो. खाटेभोवती नेहमीसारखी माणसं. नवरा, सासू, चुलत सासरे, शेजारपाजार. मुलगी पांघरूण घेऊन पडलेली. तेवढ्यात डॉक्टरीण आली, तिनं मुलीला काहीतरी विचारलं आणि सासूनं तोंड उघडलं.

अण्णा पंचाहत्तरी ओलांडलेला. त्यानं भिंतीला हात लावला, काठी घेतली आणि उठला. "चला," म्हणाला. सासू म्हणाली, अहो, ती विचारायली ना. अण्णा म्हणाला, "तुला न्हाई विचारायली." तो दाराकडं चालायला लागला, मग चुलत सासरे उठले, मग नवरा, मग शेजारणी, शेवटी सासू. सगळे व्हरांड्यात आल्यावर अण्णानं दार ओढलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला. कुणीतरी त्याच्यासाठी स्टूल आणलं, त्यानं मानेनं नको म्हटलं.

आम्ही बराच वेळ तिथं उभे होतो. आत ती मुलगी बोलत होती. काय बोलत होती, ते बाहेर कुणालाच ऐकू येत नव्हतं.